दर पावसाळ्यात गिटारच्या तारा वर का चढतात? सॅडल घासण्याआधी काय तपासायचं

लक्षण ठरलेलं असतं. मे महिन्यापर्यंत बरी वाजणारी ॲकॉस्टिक गिटार जुलैत हाताला जड जाऊ लागते. एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात, पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूपट्टीच्या, पुढे बार कॉर्ड स्वच्छ लागत नाही, आवाज कोंडल्यासारखा येतो. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट नुसत्या डोळ्यांनी कळावी इतकी वाढलेली असते. मग गिटार कुणाकडे तरी नेली जाते, तो सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) काढून खालून घासून देतो आणि चवथीला गिटार झकास वाजते. जानेवारी उजाडतो, तीच गिटार झणझणायला लागते, तारा फ्रेटवर आपटतात. मग नवं सॅडल. पुढच्या जूनला पुन्हा घासणं.

जुन्या गिटारी घेऊन त्या वाजत्या करायचा नाद असलेल्या माझ्यासारख्याकडे पावसाळ्यात येणारी बहुतेक तक्रार हीच असते. गिटार विकणाराही याच कारणाने विकतो. ‘नेक वाकली’, म्हणजे दांडा वाकला, असं सांगतो, आणि घेणाराही मान डोलावतो. नेक बऱ्याचदा जागेवरच असते. वर आलेला असतो तो टॉप, म्हणजे गिटारचं पुढचं पान. त्यामुळे माझा एकच हट्ट आहे: ओल्या गिटारवर कानस चालवायची नाही. आधी तिच्यातलं पाणी काढा, मग मापं घ्या, मग ठरवा काय बिघडलंय ते.

नेमकं होतं काय

पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं त्याच कारणाने गिटार फुगते. लाकूड हवेतलं पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. हीच आर्द्रता ९० टक्क्यांवर बरेच दिवस राहिली तर ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. आणि आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर हवा नव्वदीच्या आसपास घुटमळतच असते.

लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र वाढतं. गिटारच्या टॉपला वापरतात त्या स्प्रूसची ४० सेंटिमीटर रुंद मोकळी फळी या फरकाने हिशेबाप्रमाणे पाचेक मिलिमीटर फुगावी. पण गिटारचा टॉप मोकळा नसतो. कडेने तो बाजूच्या पट्ट्यांना चिकटवलेला, आतून त्याला आडव्या-तिरक्या ब्रेसेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या. रुंद व्हायला जागाच नाही, म्हणून तो वर फुगतो. त्याच्या पाठीवर ब्रिज (तारा अडकवायचा लाकडी ठोकळा), ब्रिजमध्ये सॅडल, सॅडलवर तारा. टॉप वर आला की सगळं बिऱ्हाड वर येतं.

त्यात तारांचा ताण आहेच. १२ नंबरचा लाइट सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचांची) सरळ ट्यूनिंगला आणला की सहा तारा मिळून सत्तर किलोंच्या वर ओढ लावतात. कोरडा टॉप हा भार वर्षानुवर्षं सोसतो. ओलं लाकूड मऊ पडतं आणि ब्रिजच्या मागे पोट काढतं.

प्लाय टॉपच्या गिटारी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटारी, एवढ्या फुगत नाहीत. त्यांतले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, एक दुसऱ्याला धरून ठेवतो. तुमची कुठली आहे हे साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, कडेवर कळतं. वरच्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर अखंड लाकूड. कडेला थर दिसले, किंवा कड काळ्या रंगाने माखलेली असली, तर बहुधा प्लाय. प्लायच्या गिटारमध्ये पावसाळ्यात टॉपपेक्षा नेक आणि ब्रिजचा सांधा आधी तपासा.

आधी दोन मापं

स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या. पट्टीचा शून्य टोकापासूनच सुरू होतो ना, हे बघून घ्या. शाळेतल्या पट्टीला पुढे मोकळी जागा असते आणि तिथेच लोक फसतात. गिटार ट्यून करा, कारण सैल तारांवर घेतलेलं माप कामाचं नाही. वाजवतो तशी मांडीवर धरून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड ई तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक ई तारेखाली दोन मिलिमीटर असेल तर गिटार निरोगी आहे. पावसाळ्यात हेच साडेतीन-चार भरतं. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला मात्र चार आणि तीन हेच नेहमीचं माप. ती बिघडलेली समजू नका.

दुसरं माप हवेचं. डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) काहीशे रुपयांत मिळतो, आणि गिटारवर खर्च करायचा पहिला पैसा तोच असावा असं माझं मत आहे. पण स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्के सहज चुकतो. त्याची परीक्षा घरच्या मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ भिजलं पाहिजे, विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत एकमेकांना न लागता ठेवा, पिशवी बंद करा आणि रात्रभर विसरून जा. ओल्या मिठाच्या वर बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी यंत्र ६९ दाखवत असेल तर ते सहाने कमी दाखवतं. मागे चिकटपट्टीवर ‘+६’ लिहून ठेवा, झालं.

फक्त मीठ पाकिटातलं बारीक घ्या. आपल्या मिठागरांतलं जाडं मीठ कालवणाला चांगलं, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यापायीच ते पावसाळ्यात बरणीत पाझरतं. त्याच्यावर ७५ चा आकडा धरवत नाही.

गिटारला मानवणारी हवा ४५ ते ५५ टक्क्यांची. गोव्याच्या पावसात इतकी कोरडी खोली एसीशिवाय मिळणं कठीण, आणि मिळालीच पाहिजे असंही नाही. साठ-पासष्टपर्यंत आणलं तरी बहुतेक गिटारी शहाण्यासारख्या वागतात.

पाणी काढायचं कसं

सगळ्यात आधी गिटार बाहेरच्या भिंतीवरून उतरवा. चिऱ्याच्या जुन्या घरांत हे फार महत्त्वाचं. चिरा पाणी पितो. पश्चिमेची, पावसाची झोड खाणारी भिंत आतून गार आणि दमट राहते आणि तिला पाठ लावून टांगलेल्या गिटारच्या मागच्या पानावर हिरवट बुरशी धरते. गिटार आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर. खाटेखाली नको, माळ्यावर नको.

मग कपाट. जुन्या लोकांची रीत आठवत असेल: कपड्यांच्या कपाटात तळाशी एक पिवळा बल्ब लावून ठेवायचा, म्हणजे रेशमी लुगड्यांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी येत नाही. गिटारला तीच रीत चालते आणि तिच्यामागे चोख हिशेब आहे. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणजे पाणी तेवढंच असलं तरी आर्द्रतेचा टक्का उतरतो. खोलीत २७ अंश आणि ८८ टक्के असेल आणि बंद कपाटात तापमान ३२ वर नेलं, तर तीच हवा साधारण ६६ टक्क्यांवर येते. पाच अंशांत बावीस टक्के! त्यासाठी तारेचा, ४० वॅटचा जुना बल्ब हवा. एलईडी बल्ब तितका तापत नाही. बल्बला जाळी हवी, गिटार त्यापासून हातभर लांब आणि आत कपडे, कागद काही नको. हायग्रोमीटर गिटारच्या नेकपाशी ठेवा. तापमान ३५ च्या वर जात असेल तर दार बोटभर उघडं ठेवा. आणि घर बंद करून बाहेर जाताना बल्ब बंद, यात तडजोड नाही.

कपाट नसेल आणि गिटारला पेटी किंवा जाड बॅग असेल तर सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्यांनी काही होत नाही. अर्धा किलो घ्या, सुती पिशव्यांत भरा, एक पिशवी हेडस्टॉकखाली, म्हणजे तारा कसायच्या टोकाखाली, आणि एक कंबरेपाशी. नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, घरात पोरं असतील तर तो नको. दाण्यांचा रंग बदलला की ते भरले. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला तयार. पावसाळ्यातलं ऊन त्याला पुरत नाही. उलटीकडेही लक्ष असू द्या: घट्ट बंद पेटीत भरपूर सिलिका ठेवली तर आर्द्रता चाळिशीच्या खाली जाऊ शकते आणि मग टॉपला चीर पडते. हायग्रोमीटर आत ठेवा, ५० दिसलं की पिशव्या बाहेर.

तांदूळ नको. तांदूळ हवेतलं पाणी ओढण्यात लाकडाहून काही फार पुढे नाही, आणि त्यात टोके होतात. कपाटात टांगायच्या, पाणी साठवणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या कपाटात चालतील, गिटारच्या बॅगेत मुळीच नको. आतलं खारट पाणी सांडलं की फ्रेट, पेग, वार्निश सगळं खातं. ४९ टक्क्यांवर हवा राखणारी दुहेरी पाकिटं चांगली असतात, पण आपल्या जुलैत ती लवकर टम्म फुगून बसतात. वर्षातले कोरडे आठ महिने त्यांचा उपयोग जास्त.

हेअर ड्रायर, ऊन, उन्हात उभी बंद गाडी: यांपैकी काहीही नको. वरचं लाकूड आधी सुकतं, आतलं मागे राहतं, आणि जुना गोंद उष्णतेने ढिला पडतो. ब्रिज उखडण्याचा सगळ्यात जलद मार्ग हाच. तारा एक सूर खाली उतरवून ठेवा आणि गिटारला दोन-तीन आठवडे द्या. पोट किती उतरलं हे कळावं म्हणून ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी पट्टी धरून सुरुवातीला एक फोटो काढून ठेवा. थोडा बाक मूळचाच असतो, बरेच टॉप मुद्दाम किंचित घुमटाकार बांधतात, त्यामुळे पट्टी दोन्ही कडांना थोडी डुलली म्हणून घाबरू नका.

आता पुन्हा मोजा

सुकलेल्या गिटारचं बाराव्या फ्रेटचं माप अडीच-दोनवर आलं असेल तर काम संपलं. सॅडलला हात लावायचं कारण नाही. बऱ्याच गिटारी इथेच सुटतात.

माप अजून जास्त असेल तर क्रम सोडू नका. आधी नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली फट बघा. एक साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. दोन कार्डं आरामात जात असतील तर बाक जास्त आहे आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) कसायला हवा: पाव फेरा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मग ट्यून करून पुन्हा मोजा. चावी बरोबर मापाची हवी. गोल झालेली रॉडची नट परत नीट होत नाही. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. आणि हे लक्षात ठेवा की ट्रस रॉड फक्त नेकचा बाक सरळ करतो. तारा उंच आहेत म्हणून तो कसत राहणारे लोक शेवटी गिटारला पाठीकडे वाकवून ठेवतात.

नेक सरळ असेल तर ब्रिज. पोस्टाच्या पाकिटाच्या जाडीचा कागद घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. मिलिमीटरभर सगळीकडेच जातो, तो वार्निशचा काठ असतो. पण कुठे तीन-चार मिलिमीटर आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय, आणि मग सॅडल, ट्रस रॉड वगैरे सगळं बाजूला ठेवायचं.

ब्रिज ठीक, तर आतून बघा. साउंडहोलमधून दाढीचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. टॉपवर बोटाच्या पेराने हलकं ठोकत फिरा. एखाद्या ठिकाणी खडखड आली तर तिथली ब्रेस सुटली आहे. सुटलेली ब्रेस चिकटवली की फुगलेला टॉप पुष्कळदा स्वतःहून खाली बसतो.

शेवटी नेकचा कोन. साठ सेंटिमीटरची सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर टेकलं किंवा किंचित वरून गेलं तर कोन चांगला. टोक ब्रिजच्या पुढच्या उभ्या बाजूवर, माथ्याच्या बरंच खाली आपटलं तर नेक कालांतराने पुढे झुकली आहे, आणि ती काढून पुन्हा बसवणं हे अनुभवी कारागिराचं, महागडं काम आहे. ही चाचणी सगळ्यात शेवटी ठेवायचं कारण सरळ आहे: ओल्या गिटारचा ब्रिजच वर आलेला असतो, त्यामुळे पट्टी खाली आपटणारच. ऑगस्टमध्ये नापास झालेली गिटार डिसेंबरात पहिल्या वर्गात पास होताना मी पाहिली आहे.

सॅडल दोन ठेवा

सगळं तपासून झालं, गिटार सुकली, तरी तुमचं घर समुद्राला लागून आहे, एसी नाही आणि पावसाळाभर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक राहतोच आहे. मग एकच सॅडल वर्षातून दोनदा छळण्यापेक्षा दोन सॅडल बाळगा. मूळचं जसंच्या तसं ठेवा, ते हिवाळ्याचं. दुसरं हाडाचं घेऊन पावसाळ्यासाठी घासा.

हिशेब असा: बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर कमी करावं लागतं. खालच्या बाजूने पेन्सिलीची रेघ मारा. टेबलावर काच, काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा. पुढे-मागे घासलं की तळ गोल होतो, मग सॅडल ब्रिजच्या खाचेत डुलतं आणि आवाज मरतो. रेघेच्या जवळ आलात की ३२० नंबरचा पेपर. वरची कड घासू नका. तिथे प्रत्येक तारेसाठी उतार दिलेला असतो आणि तो गेला की बाराव्या फ्रेटवरचे सूर बिनसतात. तळाला पेन्सिलीने ‘पा’ आणि ‘हि’ लिहा. तारा बदलायच्या वेळी, जूनमध्ये आणि नोव्हेंबरात, सॅडलही बदला.

आधीच घासून बसवलेलं सॅडल हिवाळ्यात झणझणत असेल तर नवं मिळेपर्यंत खाचेत सागवानी व्हिनीयरची बारीक पट्टी घालता येते. मऊ पुठ्ठा नको.

एक आणखी सोपा उपाय, जो लोकांना पटत नाही: पावसाळ्यात १२ ऐवजी १० नंबरचा सेट लावा. ओढ साठेक किलोंवर येते. आवाज थोडा पातळ होईल, पण टॉपला श्वास मिळतो.

ब्रिज सुटला असेल तर

तारा लगेच उतरवा. सुटलेल्या फटीत पातळ सुपरग्लू सोडणं हा सगळीकडे चालणारा उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. तो महिनाभर धरतो, मग पुन्हा सुटतो, आणि पुढच्या कारागिराला टॉपच्या लाकडासकट खरवडावं लागतं. ब्रिजमधून आरपार स्क्रू मारणं त्याहून वाईट. (काही जुन्या यामाहा गिटारींत ब्रिजवरच्या मोत्यासारख्या ठिपक्यांखाली कारखान्यातलेच बोल्ट असतात, ते वेगळे.)

नीट करायचं तर ब्रिज पूर्ण काढायचा: हळूहळू ऊब देऊन, पातळ सुरीने, लाकडाच्या रेषा बघत. दोन्हीकडचा जुना गोंद खरवडून लाकूड उघडं करायचं, कोरडं बसवून कुठे फट राहते का बघायचं. मग पिवळा अलिफॅटिक गोंद. सुतारकामाचा पांढरा गोंद फर्निचरला उत्तम, पण सतत ओढ आणि उष्णता असेल तिथे तो हळूहळू सरकतो, आणि ब्रिजला चोवीस तास ओढच असते. साउंडहोलमधून आत जाणारे लांब जबड्याचे क्लॅम्प, आत लाकडाचा ठोकळा, वाहून आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तारा चढवायच्या आधी पूर्ण एक दिवस. हे काम पावसात करू नका. फुगलेल्या टॉपवर चिकटवलेला ब्रिज टॉप सुकून बसला की पुन्हा कडेने सुटतो. सप्टेंबर उलटू द्या.

एक वेगळंच कारण

साखळी गावच्या एका कॉलेजकुमाराने गिटार आणली होती. ब्रिजच्या मागे टेकाडच उभं राहिलेलं.

“काका, पावसामुळे झालं ना?”

“तारा कधी बदलल्यास?”

“गेल्या महिन्यात. आधीच्या तुटल्या म्हणून.”

“आधीच्या कसल्या होत्या?”

“त्या प्लास्टिकसारख्या, पांढऱ्या. ह्या चांगल्या वाजतात म्हणून दुकानात दिल्या.”

गिटार क्लासिकल, म्हणजे नायलॉन तारांची. चढवल्या होत्या स्टीलच्या. नायलॉनच्या सहा तारांची ओढ चाळीसेक किलो असते, आणि त्या टॉपच्या आतल्या ब्रेसेस तेवढ्याच हिशेबाने बारीक केलेल्या असतात. असल्या गिटारला पावसाळा लागत नाही, ती उन्हाळ्यातही फुगते. ओळख सोपी आहे: हेडस्टॉकला दोन उभ्या खिडक्या, ब्रिजवर पिना नाहीत, तारा ब्रिजला गाठ मारून बांधायच्या, आणि फिंगरबोर्ड रुंद व सपाट, नटपाशी (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी) साधारण ५२ मिलिमीटर. स्टीलच्या तारा तिथल्या तिथे उतरवल्या, नायलॉनच्या चढवल्या. टेकाड बरंचसं बसलं, पूर्ण नाही.

जुन्या बाजारातून घेतलेल्या गिटारी मला यासाठी आधी तपासाव्या लागतात. ‘तारा उठल्या’ म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पावसाचा नको, तारांचा विचारा.

जुनी घेताना हीच तपासणी उलटी

गोव्यात जुन्या गिटारी मिळतात त्या मुख्यतः तीन ठिकाणांहून. हंगाम संपताना, एप्रिल-मेमध्ये, किनारपट्टीत महिनोन्महिने राहिलेले परदेशी पाहुणे परतताना गिटार विकून जातात. हणजूणचा बुधवारचा किंवा हडफड्याचा शनिवार रात्रीचा बाजार आवरता होतो त्या सुमारास नजर ठेवावी. दुसरं, बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं: बाहेरून आणलेली चांगली गिटार, वाजवणारा आता नाही, आणि पेटी माळ्यावर. तिसरं, शिकायला सुरुवात करून सोडलेली मुलं. कांपालच्या कला अकादमीत किंवा कुठल्या क्लासला नाव घातलं, वर्षभराने दहावी आली. या तिसऱ्या गिटारी साध्या असतात, पण धडक्या असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला गिटारपेक्षा पेट्या आणि सुटे भाग जास्त मिळाले आहेत.

भाव सगळ्यात पडतो तो ऑगस्टमध्ये. गिटार फुगलेली, विकणारा वैतागलेला. पण तेव्हा पट्टीची चाचणी खोटी ठरते, मग काय बघायचं? सॅडल बघा. ब्रिजच्या लाकडावर ते तीन-चार मिलिमीटर किंवा जास्त उभं असेल आणि तारा उंच असतील, तर उतरवायला जागा आहे, घ्या. सॅडल घासून घासून ब्रिजला टेकलेलं आणि तारा तरीही चार मिलिमीटरवर, तर नेकचा कोन गेलेला असण्याचीच शक्यता मोठी. ती गिटार नामांकित असली तरच कारागिराचा खर्च परवडतो, एरवी सोडून द्या. विकणाऱ्याला सॅडल कधी बदललंय का, हे अवश्य विचारा. खाचेत पुठ्ठा दिसला तर आधीचा इतिहास समजून जा.

माळ्यावरच्या गिटारींत आणखी दोन गोष्टी. पाठीवर किंवा नेकच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली ताजी भुकटी असेल तर कीड जिवंत आहे; घरात इतर लाकडी वाद्यं असतील तर ती गिटार आत आणू नका. भोकं जुनी, काळवंडलेली आणि भुकटी नसेल तर प्रश्न बहुधा संपलेला आहे. आणि बुरशी: बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आतून रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, तोंडावर मास्क बांधून. स्पिरिट लावू नका, जुनं पॉलिश शेलॅकचं असेल तर ते त्यात विरघळतं आणि पुसता पुसता खालचं लाकूड उघडं पडतं.

पेग घट्ट झाले असतील तर दातांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही. गंजलेल्या तारा मोजमापाआधी बदला, त्यांच्यावर ट्यूनिंग टिकत नाही आणि मग मापही टिकत नाही. फ्रेटवर हिरवट थर आला असेल तर फिंगरबोर्डवर चिकटपट्टी लावून, फक्त फ्रेट उघडे ठेवून, चार शून्यांच्या (0000 नंबरच्या) स्टील वूलने हलकेच घासा. साउंडहोल आधी कागदाने झाका, नाहीतर लोखंडाचे बारीक तंतू आत जाऊन पुढच्या पावसात गंजतात.